मुक्काम लॉजवर, जेवण खानावळीत

नागपूर,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. नूपुर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण संक्रांतीचे लाडू वळायला बसली की त्याला आपोआप बरं वाटतं. कन्हानहून नंदिनीआत्याने तुझ्यासाठी सांडगे पाठवले आहेत. पार्सल केलं तर चुरा होईल, म्हणून हाती आणतो.

हाती आणतो म्हणजे काय, ते आता सांगतो. आम्ही समुद्र पाहायला यायचं ठरवलं आहे. मी सत्तरीला आलो. रेल्वे डाकसेवेत छत्तीस वर्षं पत्रांची छाटणी केली, गुहागरचा पिनकोड मला तुझ्या लग्नाआधीपासून पाठ आहे, पण त्या पत्त्यावर मी स्वतः कधी पोचलो नाही. लग्न नागपुरात झालं, आणि गेली नऊ वर्षं तूच येत राहिलीस.

शनिवारी ८ फेब्रुवारीला दुपारी मडगावची गाडी आहे. आठवड्यातून दोनदाच असते, तरी खालचे दोन बर्थ मिळवले. रविवारी दुपारी चिपळूण. स्टेशन ते एसटी स्टँड रिक्षा, पुढे गुहागरची एसटी. आईला बाई म्हणून अर्धं तिकीट, मला म्हातारा म्हणून अर्धं. म्हणजे दोघं मिळून एकच माणूस प्रवास करणार. रविवारी चार ते साडेपाच समुद्र पाहणे. गुरुवारी परत.

मुक्कामासाठी तुमच्या गावातल्या वरचा पाट भागातलं एक लॉज फोनवर ठरवलं आहे. जेवण स्टँडजवळच्या खानावळीत. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. आजोबांनी पाळली, मीही पाळतो. गैर अर्थ काढू नकोस. रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्या पडवीत येऊन बसू, पोटभर बोलू आणि जेवणवेळेला उठू. पाण्याची बाटली आमची आम्ही आणू. विहीणबाईंना तू नीट समजावून सांग. माझ्यापेक्षा तुला ते बरं जमेल.

ऋषिकेशरावांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा,
बाबा

* * *

गुहागर,
ता. १४ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तिळगूळ घ्या, गोड बोला. तुमचं पत्र शनिवारी आलं. त्याच्या आठ दिवस आधीच तुमच्या बेताची बातमी आली होती. ज्या लॉजवाल्याला तुम्ही फोन केलात, तो ऋषिकेशच्या नर्सरीतून दरवर्षी कलमं नेतो. तुम्ही फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत त्याने सासूबाईंना विचारलं, की तुमचे व्याही आमच्याकडे उतरणार म्हणतात, घरात काही बिनसलं आहे का? छत्तीस वर्षं पत्त्यांचं काम केलेल्या माणसाला लहान गावात बातमी कशी पोचते हे ठाऊक नसावं, याची मला गंमत वाटली. सासूबाईंना वाटली नाही.

दुसरं म्हणजे, समुद्राला रेल्वेचं टाइमटेबल लागू नाही. इथे तिथीची पाऊणपट करतात, ती भरतीची वेळ. रविवारी द्वादशी आहे, म्हणजे भरती नऊच्या सुमाराला, सकाळी आणि रात्री. तुमच्या चार ते साडेपाचमध्ये ओहोटी असेल. समुद्र असेल, पण जरा मागे सरकलेला.

आता चेष्टा पुरे. एक गोष्ट तुम्हाला फोनवर सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा माझा आवाज जड झाल्याबरोबर तुम्ही, घे, आईशी बोल, म्हणून फोन तिच्या हातात दिलात. मग मला तिलाही सांगवलं नाही. म्हणून लिहिते, दोघांनी मिळून वाचा.

दिवाळीनंतर आम्ही उपचार थांबवले. तिसऱ्यांदा अपयश आल्यावर पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. नंतर महिनाभर आम्ही बोललो, भांडलो, रडलो आणि पुरे असं ठरवलं. मला मूल होणार नाही, बाबा. आम्ही बरे आहोत. मी शाळेत जाते, ऋषिकेश कलमं बांधतो. सासूबाईंनी एका शब्दाने दुखावलेलं नाही.

तेव्हा माझा प्रश्न सरळ आहे. तुमची रीत मूल होईपर्यंतची आहे. मूल होणारच नसेल तर ती कधीपर्यंतची? नऊ वर्षं मी दर उन्हाळ्यात नागपूरला येते, तुम्ही रावजींच्या दुकानातला समोसा स्वतः जाऊन आणता, माझ्या ताटात वाढता. मला एकदाही तुम्हाला वाढता आलेलं नाही. खानावळीतून जेवून तुम्ही माझ्या पडवीत बसणार असाल, तर त्यापेक्षा येऊ नका असं म्हणावंसं वाटतं. म्हणत नाही.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया रागावूनही कमी करू नका.

तुमची,
नूपुर

* * *

नागपूर,
ता. २० जानेवारी २०२५

चि. सौ. नूपुर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचलं.

चौकशी करता असं कळलं, की चिपळूण स्टेशनपासून एसटी स्टँड तीनचार किलोमीटर आहे. गाडीला उशीर झाल्यास गुहागरसाठी संध्याकाळपर्यंत गाड्या आहेत, त्यामुळे काळजीचं कारण नाही. तिथीचा हिशेब कळला. चार ते साडेपाच ऐवजी सोमवारी सकाळी समुद्र पाहू. तुझ्या आईसाठी गुडघ्याचा पट्टा घेतला.

बाकी मजकुराबद्दल समक्ष भेटीत.

सर्वांना यथायोग्य. प्रकृतीला जपावं.

बाबा

* * *

नागपूर,
ता. २४ जानेवारी २०२५

चि. सौ. नूपुर,
खूप खूप आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी तुला काय उत्तर पाठवलं ते मला दाखवलं नाही, म्हणजे त्यात टाइमटेबल असणार. मी तुला ओळखते आणि यांनाही ओळखते, म्हणून हे वेगळं लिहिते. यांना ठाऊक नाही.

तुझं पत्र त्यांनी चार वेळा वाचलं. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि भाजी आणायला गेले, ते नुसती पिशवी घेऊन परत आले. मी पत्र वाचलं तेव्हा मला आधी रडू आलं आणि मग राग आला. पोरी, तू हे तीन महिने एकटीने पोटात ठेवलंस. मी तुझी आई आहे, डॉक्टर नाही, पण जवळ बसता तरी आलं असतं. आता आल्यावर बसेन.

नंदिनीआत्याचं तुला अर्धंच ठाऊक आहे. तिला मूल झालं नाही हे तू जाणतेस. तुझे आजोबा दर महिन्याला सायकलने कन्हानला तिच्याकडे जायचे. तिचे यजमान खाणीत होते. आजोबा बाहेर बाजेवर बसायचे, फिरकीच्या तांब्यातलं घरून आणलेलं पाणी प्यायचे आणि उपाशी परत यायचे. असं सव्वीस वर्षं. वारले तोवर. मी सून म्हणून आले तेव्हा मला वाटायचं, केवढी माया, म्हातारा माणूस उन्हातान्हात जातो. आत्याच्या बाजूने विचार करायला मला बरीच वर्षं लागली.

परवा मी यांना सांगून टाकलं, की मी नूपुरकडे जेवणार. ते म्हणाले, काहून? मी म्हटलं, रीत तुमची होये, मले कोणी विचारलं होतं? आणि तुम्ही खानावळीत जा नाहीतर उपाशी राहा, मी माह्या पोरीच्या हातचं खाऊन राहिली. तुझे बाबा उठून पाणी पिऊन आले. मग जे बोलले ते मला चाळीस वर्षांत नवीन होतं. म्हणाले, मी तिथे जेवलो तर मीच आशा सोडली असं होईल गं. बापानंच सोडली तर पोरीनं कोणाकडं पाहायचं?

म्हणजे बघ. तुला वाटत होतं, बाबा नातवाची वाट पाहत तुला हिणवताहेत. आणि ते तिकडे तुझ्यासाठी व्रत धरल्यासारखे बसले होते. तुम्ही दोघंही एकमेकांना सांगत नाही, आणि मधल्या मध्ये मी गुडघ्याला पट्टा बांधते.

जेवतील की नाही ते मी सांगू शकत नाही. हट्टी आहेत. पण गाडीत बसतील एवढं नक्की.

ऋषिकेशरावांना आशीर्वाद. विहीणबाईंना सांग, रागवायचंच असेल तर मला अर्धा वाटा ठेवा. तुझ्या मायेची भुकेली,

आई

* * *

गुहागर,
ता. ३१ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेत मिळालं, तिथेच वाचलं, त्यामुळे आठवी ब चा आज एक तास मोकळा गेला.

बाबांचं ते व्रत मला कळलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं. पण आई, आता एक सांगून ठेवते. मला मूल होणार नाही म्हणून कीव येऊन ते जेवणार असतील, तर मला नको. तसं एक ताट जेवण्यापेक्षा पडवीतला बाप बरा. भूक लागली म्हणून जेवले, तर वाढीन. मी आग्रहाचा एक शब्द बोलणार नाही, हे तू त्यांना सांगितलंस तरी चालेल.

लॉजचं बुकिंग राहू दे. त्या बिचाऱ्याने खोलीला नवा रंग दिला आहे.

सासूबाई म्हणाल्या, अर्धा वाटा मंजूर. आणि हसल्या. त्यांचं ते हसणं मला ओळखीचं आहे, त्याची मला जरा भीतीच वाटते. माझी वाट पाहा, मी तुझी पाहते.

तुझी,
नूपुर

* * *

गुहागर,
ता. ११ फेब्रुवारी २०२५

ती. नंदिनीताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. गाडीला दोन तास उशीर झाला, पण गुहागरची एसटी मिळाली आणि खिडकीही मिळाली. चिपळूण सोडल्यावर रस्ता इतका वळणावळणाचा आहे, की सुमतीने डोळे मिटले ते थेट स्टँडवर उघडले. तुझे सांडगे शाबूत पोचले. समुद्र काल सकाळी पाहिला. आपल्या अंबाझरी तलावापेक्षा मोठा आहे एवढंच लिहितो, बाकीचं सुमती तुला हातवारे करून सांगेल. ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि एकदाही दुखतं म्हणाली नाही.

दुसरी गोष्ट लिहायची आहे ती ही. ती तुलाच लिहायला हवी.

नूपुरला मूल होणार नाही हे सुमतीने तुला फोनवर सांगितलं आहेच. रविवारी रात्री सुमती लेकीकडे जेवली. मी ठरल्याप्रमाणे खानावळीत गेलो. मालकाने कुठले, कोणाकडे आलात, असं विचारलं. नूपुरचं नाव घेतल्यावर तो म्हणाला, म्हणजे आमच्या मॅडमचे वडील तुम्ही, मग इथे कसे? अर्धी पोळी पानात टाकून उठलो. अन्न टाकून उठण्याची माझी ही पहिलीच वेळ.

काल दुपारी नूपुरच्या पडवीत बसलो होतो. तिने शाळेला रजा टाकली होती. आतून जेवणाचे वास येऊ लागले, तसा मी रिवाजाप्रमाणे उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात विहीणबाई मधुवंतीबाई बाहेर आल्या आणि माझ्यासमोर पाट टाकून बसल्या. म्हणाल्या, की तुमच्या घरच्या रीतीचा मला आदर आहे. पण आमच्याही घरी एक रीत आहे. दारात आलेला पाहुणा जेवल्याशिवाय घरातलं वडील माणूस जेवत नाही. आणि मी आत्ताच इन्शुलिनचं इंजेक्शन घेतलं आहे. एवढं बोलून त्या शांतपणे वाती वळू लागल्या.

मी जावयांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सांगितलं, की अर्ध्या तासात पोटात काही गेलं नाही तर आईला चक्कर येते, आणि ती ऐकणाऱ्यांतली नाही. मी काय करावं? मी आधी गुहागर आगाराच्या गाड्यांबद्दल बोललो. मग नारळाच्या भावाबद्दल विचारलं. बाई हूं हूं करत वाती वळत होत्या. सुमती खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. नूपुर उंबऱ्यात उभी होती, पण आग्रह तिने केला नाही.

ताई, त्या बारा मिनिटांत मला एक गोष्ट लख्ख कळली. ही बाई माझ्यासाठी जिवावर उदार होऊन बसली नव्हती. ती माझ्या मुलीसाठी बसली होती. सासू असून तिने जे केलं, ते बाप असून मला नऊ वर्षं सुचलं नाही. मी उठलो, विहिरीवर पाय धुतले आणि आत जाऊन नूपुरला एवढंच म्हणालो, की मला भूक लागली आहे. ते खरंही होतं, आदल्या रात्रीपासून लागली होती.

नूपुरने वाढलं. वाढून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग येऊन माझ्या शेजारी बसली. मी आशा सोडली असं मला वाटलं नाही. कसली आशा, कोणासाठी, हेच मला त्या वेळी आठवेना. समोर माझी मुलगी होती आणि ती बरी होती.

जेवताना मला तू आठवलीस. बाबांबरोबर मी किती वेळा तुझ्याकडे यायचो. धाकटा भाऊ म्हणून मला मुभा होती, मी आत बसून तुझ्या हातचं चापून खायचो आणि बाबा बाहेर बाजेवर बसलेले असायचे. तुला काय होत असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही. उलट तीच रीत उचलून माझ्या मुलीच्या दारात घेऊन आलो. माझं चुकलं, ताई. बाबांच्या वतीने मला बोलता येणार नाही, पण माझ्यापुरती माफी मागतो.

शुक्रवारी रात्रीपर्यंत घरी पोचू. तब्येतीला जप आणि धाकट्यावर राग धरू नकोस.

तुझा,
श्रीधर

* * *

कन्हान,
ता. २० फेब्रुवारी २०२५

चि. श्रीधरले,
अनेक आशीर्वाद.

माह्या डोळ्याचं तुले माहीत आहे, म्हणून समोरच्या घरची सून दीप्ती लिहून देऊन राहिली. मी तिले म्हटलं, जशी बोलतो तसंच लिही, नीटनेटकं करू नको, माह्या भावाले मग वाटन की दुसऱ्याच कोणाचं पत्र आलं.

तुह्यं पत्र भेटलं. दोनदा वाचून घेतलं. माफी गिफी मागू नको गा. तू तेव्हा पोरगा होता आणि तुले भूक लय लागे. मी तुह्यावर कधीच राग धरला नाही. बाबावर धरला, आणि तेही गेले.

एक गोष्ट मी कोणालेच सांगितली नाही, ते आता सांगतो. बाबा यायचे त्या दिवशी मी त्यायच्यासाठी सैपाक करत होती. दर वेळी. जेवणार नाहीत हे माहीत होतं, तरी करत होती. त्यायले गोळाभात आवडे, बेसनाचे गोळे टाकून तो करू. वरून फोडणीचं तेल वेगळं ठेवू. एक ताट पुरं वाढून आत झाकून ठेवू. वाटे, आज कदाचित म्हणतील, नंदे, भूक लागली. मग ते सायकलवर बसून चालले जात, आणि मी ते ताट घेऊन बसू आणि सारं खाऊन टाकू. आमचे यजमान ड्युटीवरून येत, त्यायले झाकलेलं ताट दिसलं असतं तर आपला अपमान झाला असं वाटलं असतं. पोटात जागा नसली तरी खाऊ. असं सव्वीस वर्षं केलं. हे लिहितांनी दीप्ती रडून राहिली. मी नाही रडून राहिली.

नूपुरले माह्या आशीर्वाद सांग. तिच्या सासूले म्हण, कन्हानची एक म्हातारी तुम्हाले हात जोडते. पुढच्या दिवाळीले नूपुरले इकडं आण, आणि तू पण ये.

आता माह्या रागाची गोष्ट. तू एवढं मोठं पत्र लिहिलं. एसटी लिहिली, खिडकी लिहिली, इंजेक्शन लिहिलं, बारा मिनिटं मोजून लिहिली. पण काय जेवला ते एका अक्षरानं लिहिलं नाही. भाजी कोणती होती? भातावर तूप कोणी वाढलं? पोळ्या किती खाल्ल्या? मले सारं लिहून पाठव, काही सोडू नको. आणि तू दुसऱ्यांदा मागून घेतलं का नाही, ते सगळ्यात आधी लिही.

माया राहू दे.

तुही,
नंदिनीताई